आपले गिऱ्हाईक कोण?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज येथे बोलावयास उभे केले, याबद्दल प्रथम मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले एक प्राथमिक शिक्षक. सारी हयात खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. धंद्यासारख्या विषयावर चार शब्द सांगण्याचा आमचा अधिकार कोणता, अशी शंका कोणाच्या मनात आली, तर ती वाजवीच म्हणावी लागेल. आमचा अधिकार एवढाच, की एक धंदा आम्ही स्वतःच्या हातांनी बुडविला, दुसरा आमच्या डोळ्यांदेखत बुडाला आणि तोच पुढे वेगळ्या वाटेने तरलेला पाहिला. यशाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. बुडालेल्याने पाण्याची खोली सांगितली, तर तीही ऐकून घ्यावी.

ज्ञातीतील होतकरू तरुणांना धंद्यासाठी भांडवल द्यावे, असा विचार मंडळात चालू आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु भांडवल कोठून आणावे, याची चर्चा आपण जितक्या उत्साहाने करतो, तितक्या उत्साहाने दुसऱ्या एका प्रश्नाची चर्चा होत नाही. तो प्रश्न असा : आपण जी वस्तू करणार, ती विकत घेणार कोण? त्या माणसाचे नाव, गाव, गरज आणि ऐपत आपणांस ठाऊक आहे काय? हाच आजच्या बोलण्याचा विषय होय.

हा प्रश्न आपल्या सुतार ज्ञातीस विशेष अवघड का जातो, याचे कारण आपल्या इतिहासात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. जुन्या खेड्याची घडी कशी होती, बलुतेदार कोण, त्यांची कामे कोणती आणि त्यांचा मोबदला कसा मिळे, याचे वर्णन त्यात आहे. आपला सुतार हा गावचा बलुतेदार. नांगर, कुळव, तिफण, कोळपे, बैलगाडी, घराचा वासा आणि दाराची चौकट ही त्याची कामे. शेतकऱ्याने औत मोडके आणावे, सुताराने वाकस हाती घ्यावी, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य आणावे, अशी ती रीत होती. भावाभावांच्या वाटण्या झाल्या म्हणजे भांड्याकुंड्यांप्रमाणे कुळांचीही वाटणी होई. अमुक दहा घरे थोरल्याची, तमुक दहा घरे धाकट्याची. म्हणजे गिऱ्हाईक शोधावे लागत नसे; ते वारसाहक्काने येत असे.

या व्यवस्थेत मान-अपमानाच्या आणि उच्चनीचतेच्या ज्या गोष्टी होत्या, त्यांचे गोडवे आम्ही गाणार नाही. ती गेली हे बरेच झाले. परंतु जाताना ती आपल्या अंगी एक उणीव ठेवून गेली. आपल्या वाडवडिलांनी बाभळीचे लाकूड हातात घेताच त्याचा कस ओळखला, तुंब्यात आरे बसविताना सुताचाही फरक पडू दिला नाही. परंतु 'हे कोणासाठी करावयाचे?' हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही, कारण त्याचे उत्तर जन्मतःच मिळालेले होते. पिढ्यान्‌पिढ्या जो प्रश्न विचारावा लागला नाही, तो विचारण्याची सवय एकाएकी कशी लागावी? म्हणून आपला तरुण अजूनही आधी वस्तू तयार करतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो.

आपल्या हातचा लाकडी नांगर ज्या वस्तूने मागे सारला, तिचाच इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. शिक्षकाच्या जातीचे म्हणून आम्हांस त्यांचा अभिमान अधिक. पुढे बेळगावास त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर करावयास घेतला. नांगर उत्तम होता. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर ढेकूळ खालून वर पलटवितो. तरीही तो खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जाण्यास लक्ष्मणरावांस पुष्कळ काळ थांबावे लागले.

आता येथे विचार करा. शेतकरी तेव्हा कोट्यवधी होते. 'शेतकरी हे आमचे गिऱ्हाईक' असे म्हटल्याने एकही नांगर विकला गेला नसता. ज्याची जमीन हलकी, ज्याच्या गोठ्यात एकच बैलजोडी, त्याला या नांगराचा उपयोग काय? मोठा लोखंडी नांगर ओढावयास बैलांच्या अधिक जोड्या लागत. उलट ज्याची काळी भारी जमीन हरळीने धरलेली आहे, ज्याच्याजवळ जोड्या आहेत आणि हाती थोडा पैसाही खेळतो, त्याला या नांगराची खरी निकड. तसा एक शेतकरी समजूत बाजूला ठेवून पुढे आला, की त्याचे नांगरलेले रान हीच जाहिरात. बांधावरून जाणारा शेजारी ती वाचतो, त्याला अक्षरओळख लागत नाही. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघू लागले. वस्तू करणाऱ्याचा आवाज गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोचला पाहिजे, ही जाण त्यामागे होती.

आणि आपण? नांगराची कुळे गेली, तेव्हा 'कलियुग आले' म्हणालो. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, लोखंडी दारे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. प्रत्येक वेळी आपण वस्तूकडे पाहून उसासा टाकला. वस्तू घेणाऱ्याकडे पाहिले नाही.

आता आमचीच फजिती सांगतो.

सन १९८८ची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ हाताचा अत्यंत सफाईदार कारागीर. आम्ही शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेत होतो. मुलांना अंकज्ञान द्यावे तर लाकडी मणिचौकट हवी, अक्षरज्ञानास ठोकळे हवेत, असे आमच्या मनाने घेतले. भावाने नमुना केला. वर्गात नेला, तेव्हा मुले आनंदाने नाचू लागली. तो आनंद पाहून आमचा विवेक सुटला. पतपेढीचे कर्ज काढले आणि तीनशे संच तयार करविले. तालुक्यात शाळा किती, प्रत्येक शाळेत वर्ग किती, याचा गुणाकार आम्ही फळ्यावर मांडला. गुणाकार बरोबर होता. हिशेब चुकीचा होता.

मुख्याध्यापकांनी संच हाताळला, कौतुक केले आणि म्हणाले, "गुरुजी, वस्तू नामी आहे, पण खरेदी आमच्या हाती नाही. वरून यादी येते, त्याप्रमाणे साहित्य येते." कचेरीत गेलो, तर यादी आधीच ठरलेली. पालकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "हे शाळेने द्यायचे, आम्ही कशाला घ्यायचे?" वापरणारा एक, निवडणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसरा, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आम्ही वापरणाऱ्याचे हसू पाहिले आणि पैसे मोजणाऱ्याचा खिसा पाहिलाच नाही. चार वर्षे पगारातून हप्ते भरले. संच माळ्यावर पडले. एके दिवशी भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, पोरं हसली म्हणून लाकडाचे पैसे फिटत नाहीत." या एका वाक्यात धंद्याचे जे शिक्षण आहे, ते आम्हांस कोणत्याही पुस्तकाने दिले नव्हते.

दुसरी गोष्ट आमच्या भाच्याची. त्याच्या संमतीनेच सांगत आहोत. लाकडाचे शिक्षण त्याने रीतसर घेतलेले, नक्षीकामात हात विलक्षण. शहराच्या वाढत्या भागात गाळा भाड्याने घेतला आणि सागवानी देव्हारे, नक्षीचे दरवाजे, झोपाळे यांचे दुकान थाटले. भांडवलात त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीच्या, बांगड्या होत्या. आम्ही विचारले, "तुझे गिऱ्हाईक कोण?" तो म्हणाला, "मामा, सगळेच. देव्हारा कोणाला नको? आणि शिवाय आपली ज्ञाती आहेच की. या शहरात आपली पाचशे घरं आहेत."

उद्घाटनास ज्ञातीबांधव आवर्जून आले. नारळ फुटला, पेढे वाटले, "आपल्या पोराने नाव काढले" असे सर्वांनी म्हटले. आम्हीही भाषण केले. त्या भाषणाची आज लाज वाटते, कारण आम्हीही सांगितले होते की, प्रत्येक ज्ञातीबांधवाने येथूनच खरेदी करावी.

पुढे काय झाले, ते येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावयास नको. काही जणांनी खरेदी केली. परंतु घरचा माणूस म्हणून सवलत मागितली, आणि घरचाच म्हणून पैसे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणाले. ज्यांनी घेतले नाही, त्यांना समोर येण्याचा संकोच वाटू लागला. ज्यांनी उधार नेले, ते लग्नकार्यात नजर चुकवू लागले. भाच्याला मागण्याचा संकोच, बहिणीला सांगण्याचा संकोच. पाचशे घरांत देव्हारा किती वर्षांनी बदलतात? एकदा घेतला की पुढची पिढी तोच पूजते. ज्यांची मनापासून घ्यावयाची इच्छा होती, त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तो मावत नव्हता. दीड वर्षात दुकान बंद झाले. बांगड्या परत आल्या नाहीत, आणि पाच-सहा घरांशी येणेजाणे राहिले नाही, ते वेगळेच.

या अनुभवावरून एक गोष्ट आम्ही स्पष्ट शब्दांत मांडू इच्छितो. ज्ञाती हा आपला आधार आहे, बाजारपेठ नव्हे. आजारपणात, शिक्षणात, संकटात ज्ञातीने हात द्यावा. धंद्यातही तिने सल्ला द्यावा, ओळख करून द्यावी, पहिल्या अपयशानंतर खांद्यावर हात ठेवावा. परंतु आपल्या सूचीतील नावे ही गिऱ्हाइकांची यादी समजून जो धंदा आरंभतो, तो दोन्ही गमावतो. जो केवळ माया म्हणून घेतो, तो एकदा घेतो. जो गरज म्हणून घेतो, तो पुन्हा येतो.

भाच्याने त्यानंतर वर्षभर दुसऱ्यांच्या हाताखाली फर्निचर बसविण्याचे काम केले. हे वर्ष त्याची खरी शाळा ठरले. एका औषधाच्या दुकानाचे काम करताना त्याच्या काही गोष्टी ध्यानात आल्या. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. पुष्कळ दुकाने त्याहून फार मोठी नसतात. तेवढ्यात शीतकपाट हवे, गोळ्यांच्या पाकिटांच्या मापाचे शेकडो खण हवेत, आणि मागितलेले औषध क्षणात हाती आले पाहिजे. येथे इंचाइंचाला किंमत आहे, आणि आपल्या कारागिराच्या नजरेत तर सूत आणि इंच वसलेलेच असतात. गाळ्याचे भाडे सुरू झालेले असते, म्हणून दुकानदाराला काम ठरल्या तारखेस हवे असते. त्यासाठी तो आगाऊ रक्कम देतो. शिवाय नवीन दुकान कोठे निघत आहे, हे औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांना आधी कळते, आणि असे व्यापारी शहरात बहुधा एकाच भागात असतात. म्हणजे सारे शहर पालथे घालावयाचे कारण नाही. एका गल्लीत ओळख झाली की पुरे.

त्याने ठरविले : यापुढे औषधांची दुकाने, आणि तूर्त दुसरे काही नाही. आम्ही म्हणालो, "अरे, एवढ्याशा कामावर पोट भरेल काय? आलेले दुसरे काम कशाला नाकारतोस?" तो म्हणाला, "मामा, सगळ्यांचं थोडं थोडं करत होतो तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं." आज त्याच्या हाताखाली सात माणसे आहेत. त्याच्या गिऱ्हाइकांत ज्ञातीबांधव जवळजवळ नाहीत. पण कामावर घेतलेल्यांत ज्ञातीची तीन मुले आहेत. ज्ञातीशी नाते जोडावयाची ही रीत आम्हांस अधिक थोर वाटते. आणि बहिणीच्या हातात पुन्हा बांगड्या आहेत, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

'सगळेच आमचे गिऱ्हाईक' म्हणणाऱ्याची गत आपल्या म्हणीप्रमाणे 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी होते. येथे कोणी म्हणेल की, घरोघरी खपणाऱ्या वस्तूही आहेतच. आहेत. परंतु त्यांचाही आरंभ पाहा. अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या अंगणात कपडे धुण्याची पूड तयार केली आणि सायकलवरून दारोदार नेऊन विकली. तीच पुढे निरमा या नावाने देशभर गेली. त्या वेळी नामांकित कंपन्यांची पूड मध्यमवर्गीय गृहिणीच्या आवाक्याबाहेर होती; ती वडीच्या साबणावर भागवी. पटेलांनी आपली पूड किलोला तीन-साडेतीन रुपयांच्या आसपास, म्हणजे त्या पुडीच्या कितीतरी कमी किमतीत दिली. त्यांनी मोठ्या कंपनीचे गिऱ्हाईक पळविण्याने आरंभ केला नाही. मोठ्या कंपनीने जिला गिऱ्हाईक मानलेच नव्हते, तिच्या दारात ते जाऊन उभे राहिले. या वर्गाची किंमत मोठ्या कंपनीस उमगून तिने १९८७ साली स्वस्त पूड बाजारात आणली, तोवर मधली वर्षे निघून गेली होती.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, स्वस्त दिले म्हणजे झाले. तसे नाही. दुचाकीवरून पावसापाण्यात जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांच्या मनात स्वस्त मोटारीची कल्पना आली, आणि २००९ साली नॅनो विक्रीस निघाली. हेतू उदात्त होता, गाडी कल्पक होती. परंतु 'सर्वांत स्वस्त मोटार' अशी तिची ख्याती झाली, आणि ती अपेक्षेप्रमाणे खपली नाही. सुमारे दहा वर्षांत उत्पादन थांबले. धुण्याची पूड मोरीत राहते, मोटार दारात उभी राहते. पहिली वस्तू माणूस काटकसर म्हणून घेतो, दुसरी प्रतिष्ठा म्हणून. आयुष्यातील पहिली मोटार घेणाऱ्याला, आपण सर्वांत स्वस्त वस्तू घेतली हे शेजाऱ्यास सांगावयाचे नसते. गिऱ्हाइकाचा खिसा ओळखणे ही अर्धी ओळख. त्याचे मन ओळखणे ही उरलेली अर्धी.

भगिनींसाठी एक उदाहरण देतो. आपल्या भगिनींपैकी अनेकजणी मसाले, पापड, लोणची करतात, आणि त्यांची विक्री बहुधा नात्यागोत्यातच संपते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. तोच लिज्जत पापड. पहिले पापड त्यांनी नातेवाइकांस दिले नाहीत; भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विक्रीस ठेवले. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक उत्तम आणि एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला की, एकच उत्तम प्रत ठेवा आणि तीत कधी तडजोड करू नका. आमच्या मते हा जितका दर्जाचा, तितकाच गिऱ्हाईक निवडण्याचा सल्ला होता. दोन प्रती म्हणजे दोन गिऱ्हाइके, आणि सात माणसांच्या बळावर दोन गिऱ्हाइकांची मर्जी राखता येत नाही.

आता तरुणांच्या हाती काही व्यवहार्य द्यावे, म्हणून चार कसोट्या सांगतो. शिक्षकाची खोड आहे. मुद्दे घातल्याशिवाय धडा पुरा झाला असे वाटत नाही.

पहिली कसोटी गरजेची. ही वस्तू न मिळाल्यास त्या माणसाचे आज काय अडते? 'असली तर बरी' असे ज्याचे उत्तर, तो वाट पाहावयास लावील. 'नसेल तर नुकसान' असे ज्याचे उत्तर, तो आपली वाट पाहील.

दुसरी कसोटी ऐपतीची आणि अधिकाराची. त्याच्याजवळ पैसा आहे काय, आणि तो खर्च करण्याचा अधिकार त्याचाच आहे काय? आमच्या मणिचौकटी याच कसोटीवर बुडाल्या. तसेच पैसे मिळण्यास किती महिने लागतात, हेही आधी विचारावे. उशिरा पैसे देणारे मोठे गिऱ्हाईक लहान धंद्यास गिळून टाकते.

तिसरी कसोटी पोचण्याची. असे गिऱ्हाईक एकत्र कोठे सापडते? कोणत्या पेठेत, कोणत्या बाजाराच्या दिवशी, कोणाच्या शब्दाने? सारे गाव पालथे घातल्यावर एक भेटणार असेल, तर त्याला शोधण्याचा खर्च नफ्याहून अधिक होईल.

चौथी कसोटी पुन्हा येण्याची. तो स्वतः पुन्हा येईल काय, अथवा दुसऱ्यास पाठवील काय? देव्हाऱ्याचे गिऱ्हाईक पिढीतून एकदा येते. औषधाच्या दुकानदाराने एक काम पाहिले की तो दुसऱ्या दुकानदारास सांगतो.

या कसोट्या घरी बसून लावावयाच्या नाहीत. वस्तू करण्यापूर्वी अशा दहा माणसांना प्रत्यक्ष भेटावे. त्यांना 'ही वस्तू आवडली काय?' असे विचारू नये. आपला समाज सभ्य आहे, तो 'छान आहे' असेच म्हणेल. 'या कामासाठी गेल्या वर्षी आपण किती पैसे कोठे खर्च केले, आणि त्यात काय गैरसोय झाली?' असे विचारावे. ज्याने आजवर या गरजेवर एक पैसाही खर्च केला नाही, त्याची गरज बोलाचीच असावी, असे समजण्यास हरकत नाही. आणि दहांपैकी दोघांनी आगाऊ रक्कम हातावर ठेवली, तर त्यांची साक्ष उरलेल्या आठांच्या स्तुतीहून मोलाची मानावी.

गिऱ्हाईक निवडणे म्हणजे इतरांस तुच्छ लेखणे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दारी आलेल्या प्रत्येकाशी अदबीने वागावे; परंतु माल कोणाला डोळ्यांसमोर ठेवून करावयाचा, हे ठरलेले असावे. आणि ही निवड कायमची बांधलेली नसते. काळ बदलला, गरज बदलली, की हाच प्रश्न पुन्हा विचारावा. आपल्या पूर्वजांच्या हातून झालेली चूक हीच, की मिळालेले गिऱ्हाईक त्यांनी अक्षय मानले.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना. आज भांडवल पूर्वीइतके दुर्मिळ राहिलेले नाही. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह अठरा कारागिरींचा समावेश झाला, आणि तीत दोन टप्प्यांत मिळून तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची तरतूद झाली. अशा योजनांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु कर्ज हत्यार देते, लाकूड देते, गाळा देते. आपला माल कोणासाठी, हे त्या तरुणासच ठरवावे लागते. म्हणून मंडळाने भांडवलासाठी अर्ज घेताना जामीनदारांच्या नावांबरोबर आणखी एक कागद मागावा. त्यावर अर्जदाराने ज्ञातीबाहेरच्या दहा संभाव्य गिऱ्हाइकांशी झालेले बोलणे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावे. ज्याला ते दहाजण सापडले नाहीत, त्याचा अर्ज फेटाळू नये; सहा महिने आपल्यापैकी कोणा अनुभवी व्यावसायिकाच्या हाताखाली त्यास ठेवावे आणि मग पुन्हा बोलवावे. अर्ज लांबला तर तरुण रुसेल. परंतु एखाद्या बहिणीच्या हातातील बांगड्या वाचतील.

आणि आपण सर्वांनीही एक संयम पाळावा. आपल्या पोराने दुकान काढले, तर उद्घाटनास अवश्य जावे. वस्तू हवी असेल तर पुऱ्या किमतीत, रोख घ्यावी. नको असेल तर मोकळ्या मनाने 'नको' म्हणावे, आणि ज्याला हवी आहे अशा एका परक्या माणसास त्याच्याकडे पाठवावे. आपल्या खिशातून काढलेल्या नोटेपेक्षा आपण पाठविलेले ते अनोळखी गिऱ्हाईक त्याच्या अधिक उपयोगी पडेल.

आमच्या माळ्यावर त्या मणिचौकटींपैकी काही अजून आहेत. नातवंडे त्यांच्याशी खेळतात, आणि त्यांचे हसू पाहून आम्हांस भावाचे ते वाक्य आठवते. तेवढे वाक्य आपल्या तरुणांनी आमच्या खर्चाने शिकून घेतले, तर आमचे कर्ज खऱ्या अर्थाने फिटले असे आम्ही समजू.